चौथं गाणं, सात मिनिटांनंतर

शिवा, तुला शेवटचं बघायला नांदेडहून निघालो आणि चुकीच्या मसणवट्यात जाऊन उभा राहिलो.

सकाळी तुमच्या मोंढ्यातल्या कुणाचा तरी फोन आला. ‘शिवलिंगअप्पा गेले, एक वाजता माती हाय,’ एवढं बोलून त्यानं ठेवला. आपल्याकडे जाळायला नेतात त्यालाही मातीच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावरून मला काही सुचलं नाही. जळकोटमार्गे गाडी हाणली. उदगिरात शिरल्यावर पहिल्याच पानटपरीवर स्मशानभूमी विचारली आणि साडेबाराला तिथं हजर झालो. सरण रचणं चाललं होतं. मी कुणाला काही न विचारता दोन ओंडके खांद्यावर घेऊन पोचते केले. मग त्या झाकलेल्या देहाशेजारी उभा राहून रडलो. चांगला तासभर रडलो. इतका, की मयताचे लेक-जावई माझ्याकडं बघायला लागले. शेवटी एका म्हाताऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही गुरुजींचे कोण. मी म्हणालो, कोण गुरुजी? मग तुझं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळावर तीन बोटं आडवी ओढली आणि म्हणाला, ‘अहो, लिंगायताला कोण जाळतंय? रुद्रभूमीत जावा. पळा, झालं असंल तिकडचं.’

झालंच होतं. रुद्रभूमीत पोचलो तेव्हा लोक नळावर हातपाय धूत होते. मिठाची रिकामी पोती घडी घालून ठेवलेली, ताज्या मातीवर बेलाची पानं आणि विभूती. कुणीतरी सांगितलं की तुला मांडी घालून ताठ बसवलंय. माझा विश्वास बसेना. तू आणि ताठ. अठ्ठावीस वर्षांत मी तुला तुरीच्या पोत्यावर लोळलेलाच बघितलाय.

लातूरच्या हॉस्टेलात पहिल्या दिवशी तू सदरा काढलास तेव्हा गळ्यातलं लिंग दिसलं होतं. चांदीचं खरं आहे का, एवढंच मी विचारलं. तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आणि तू तर ते एकदा आपणहून सांगितलंही होतंस. मी ऐकलं नव्हतं. तुझ्या बाबतीत मी जी काही घाण केली, त्या सगळ्याचं मूळ एवढंच आहे, की मी ऐकलं नव्हतं.

तू आडत्याचा मुलगा. लातूरनंतर पुण्याला शेतकी शिकायला गेलास, दोन वर्षं नापास झालास आणि खोलीत सोबत राहणाऱ्या लागोसच्या पोराकडून भलतंच काहीतरी शिकून परत आलास. त्यानं तुला त्याच्या देशाचं गाणं लावलं, पंधरा-पंधरा वीस-वीस मिनिटं चालणारं, ढोलांचं आणि पितळी भोंग्यांचं. आफ्रोबीट म्हणतात त्याला. तिथून तू मागं मागं जात अमेरिकेतल्या फंकवर गेलास, आणि तिथून जाझवर. उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाशेजारी बसून सॅक्सोफोन ऐकणारा तू एकटाच होतास. तुला दुसरा माणूस पाहिजे होता. तुझं नशीब फुटकं, म्हणून तुला मी सापडलो.

मी उमरीचा, नांदेडात फोटो स्टुडिओ टाकलेला, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा. पहिल्यांदा तू दुकानात फोन केलास तो दिवस मला अजून घाम फोडतो. म्हणालास, तीन अल्बम बसनं पाठवून राहिलो, एक फंकचा, एक जाझचा, एक आफ्रोबीट, उतरून घे. आता माझ्या धंद्यात अल्बम म्हणजे काय असतो? मी पार्सल उतरवलं. आत सीड्या. म्हटलं, फोटो सीडीत दिलेत, छापून जिल्द बांधून द्यायचीय. सोनेरी कडांचं कव्हरही काढून ठेवलं. आठ दिवसांनी तू विचारलंस, कसे वाटले. मी म्हणालो, कामाला लागलोच आहे, फक्त फंकच्या कव्हरवर नवरीचं नाव काय टाकायचं ते सांग. तू म्हणालास, ‘पाटला, नवरी न्हाई त्यात. सतरा नवरदेव हायत.’

तेव्हापासून तुझी शिफारस सुरू झाली. आधी सीड्या, पुढं मोबाइलवर. दर पंधरा दिवसाला एक अल्बम आणि सोबत दोन ओळी. त्या ओळी मी वाचायचो, ते मात्र मनापासून. ‘हा जेवण झाल्यावर ऐक, गाडी चालवताना न्हाई, डुलकी लागंल.’ ‘यातला सॅक्सवाला रुसलेल्या जावयावानी हाय, मनधरणी केल्याबिगर ताटावर बसत न्हाई, थोडी कळ काढ.’ ‘हा फंक हाय, बेसकडं कान दे, भरल्या पोटाची म्हैस पाण्यात उतरती तसा उतरतो.’ ‘पहिल्यांदा आवडला न्हाई तर मला फोन करू नको. दुसऱ्यांदा ऐक. मग शिव्या दे.’

आता खरं सांगतो, कारण आता तू काही करू शकत नाहीस. मी ते ऐकायचोच नाही.

म्हणजे लावायचो. प्रत्येक गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट. माझा धंदाच तो, चार दिवसांच्या लग्नाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. नवरीचं हसू, मामाचा घाम, अक्षता, कट. तसंच गाणं कापायचो आणि तुला उत्तर टाकायचो, ‘भारी.’ कधी ‘लई भारी’. तुला संशय आला तेव्हा मी वर शहाणपण केलं. म्हणालो, तू नाही का पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर माल बघतोस आणि शंभर पोती घेतोस? तू म्हणालास, ‘खुपसतो की. पर मधी खुपसतो. तोंडाला समदेच चांगला माल ठिवतात.’ मला वाटलं, वा, काय डायलॉग आहे. एका नवरदेवाच्या बापाला तो माझा म्हणून ऐकवलाही.

एकदा मात्र ऐकलं. तेवढं माझ्या खात्यावर धर. उन्हाळ्यात तुझ्या आडतीवर आलो होतो, पंखा फिरत होता पण वारा नव्हता, ट्रकमधून हमाल पोती उतरवत होते. तू लागोसचा अल्बम लावलास. पाच मिनिटं झाली, गाणारा काही तोंड उघडेना. मी विचारलं, हा गातो कधी? तू नुसतं हमालांकडं बोट दाखवलंस. त्यांची पावलं फळीवर पडत होती ती बरोब्बर त्या ढोलावर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं लक्षही नव्हतं. पाठीवर पोतं घेतलेला माणूस ज्या चालीनं चालतो त्याच चालीचं ते गाणं होतं. पूर्ण एकोणीस मिनिटं मी हाललो नाही. शेवटी बघितलं तर माझा पाय हालत होता. तू चहा सांगितलास. त्या एका दुपारसाठी मी तुझा जन्माचा ऋणी आहे, आणि त्या एकाच दुपारच्या जोरावर तू पुढची पंधरा वर्षं मला अल्बम पाठवत राहिलास, ही तुझी चूक आहे, माझी नाही.

मग ती हळदीची भानगड. तू पाठवलेल्या एका अल्बममधलं गाणं मला फार उपयोगी वाटलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात ढोल, बायकांचा आवाज, सगळं झकास. मी ते उमरीच्या एका हळदीच्या व्हिडिओला लावलं. घरच्यांना इतकं आवडलं की वरातीत पण तेच वाजलं. मी फुशारकीनं तुला व्हिडिओ पाठवला. तू मोटारसायकल काढून नांदेडला आलास. शंभर किलोमीटर, फक्त भांडायला. ते गाणं तुरुंगात मेलेल्या भावावरचं होतं. बायका त्याच्या नावानं रडत होत्या.

‘शब्द कळत न्हाईत, ठीक हाय,’ तू म्हणालास, ‘रडणं बी कळत न्हाई व्हय तुला?’

मी म्हणालो, सगळ्यांचे पाय हालत होते, रडण्याला कुणाचे पाय हालतात का? त्यावर तू सांगितलंस की आमच्यात मयताला वाजंत्री असते, भजन असतं, माणसाला बसवून वाजत-गाजत नेतात, मातीत बसवतात, आणि ढोल ऐकून रडणाऱ्याचेही पाय हालतात, तुला काय माहीत. मी म्हणालो, बरं बरं, चहा घे. हे ते तुझं सांगणं. बसवून नेतात, मातीत बसवतात, हे तू माझ्या दुकानात, माझ्या समोर, माझ्या खुर्चीत बसून सांगितलंस, आणि मी तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर करायला सांगत होतो. ते भांडण आपण पुरं केलंच नाही. तू चहा न घेता गेलास. महिनाभर अल्बम आला नाही. मग आला.

पण शिवा, थोडं तुझंही निघू दे.

तुला तोंडानं बोलता कधी आलं नाही. तुझे अप्पा जुन्या पद्धतीचे आडते. चारचौघांना भाव कळू नये म्हणून रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून सांगायचं. तू मोंढ्यातलं ते घरात आणलंस, दोस्तीत आणलंस. हॉस्टेलात निकाल लागला तेव्हा टॉवेलाखाली माझी दोन बोटं दाबलीस, दोन विषय गेले. लग्न ठरलं तेव्हा उदगीरच्या स्टँडवर पाची बोटं दाबलीस. मला वाटलं पाच विषय गेले. कॉलेज सोडून सहा वर्षं झाली होती. मग तूच लाजत सांगितलंस, महादेवी नाव हाय.

हसायला बरं आहे हे. पण सगळं आयुष्य रुमालाखाली काढायचं नसतं.

मागच्या ज्येष्ठात एका शुक्रवारी तुझा शेवटचा अल्बम आला. पाच गाणी. सोबत लिहिलं होतंस, ‘नवीन पोरं हायत, नाव इचारू नको. चौथं शेवटपोत ऐक.’ मी दुकानात होतो. पाची गाण्यांचं पहिलं अर्धं मिनिट लावलं, आणि तू चौथ्याचं नाव काढलं होतंस म्हणून उत्तरात चौथं घातलं. ‘लई भारी. चौथं तर कमाल. शेवटाला अंगावर काटा आला.’ पुढं ज्वाळांची तीन चित्रं.

त्यानंतर तुझे अल्बम बंद झाले. आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. दर पंधरवड्याला खोटं बोलायचं काम कमी झालं. दिवाळीला मी फोन केला तर तुझा आवाज अगदी पातळ लागला. मी म्हणालो, घसा बसलाय, हळद टाकून दूध घे. तू म्हणालास, हाव, घेतो. सोयाबीनची आवक हाय, ठिवतो. पौषात तू गेलास.

रुद्रभूमीतून तुझ्या घरी गेलो. वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी उशीर का झाला ते सांगायला लागलो, गुरुजींच्या सरणाचं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, त्या सोमवारी तुम्ही लातूरला कामून आला न्हाईत?’

कोणत्या सोमवारी, मी विचारलं.

तेव्हा मला कळलं की तुझ्या पोटात गाठ होती. ती तुला ज्येष्ठातच कळली होती. लातूरच्या दवाखान्यात तपासायला सोमवारी बोलावलं होतं आणि घरात तू कुणाला सांगितलं नव्हतंस. एकटाच गेलास. एकटाच बाकावर बसलास. घरी कळलं ते श्रावणात. वहिनींनी तेव्हा विचारलं, निदान पाटलांना तरी सांगायचं, ते आले असते. त्यावर तू काय म्हणालास ते वहिनींनी जसंच्या तसं मला सांगितलं.

‘म्हणले, त्याला सांगितलं की. त्यानं भारी म्हणून कळवलं.’

मी फोन काढला. तो अल्बम माझ्याकडं नव्हता. लग्नसराईत जागा पुरत नाही म्हणून सगळं पुसून टाकतो मी. फक्त तुझा निरोप आणि माझं उत्तर तेवढं शिल्लक होतं, आणि त्यांच्या वेळा. वहिनींनी तुझा फोन आणून दिला, त्यात गाणी होती. चौथं गाणं अकरा मिनिटांचं. सगळी मिळून पाऊण तास. माझं उत्तर गेलेलं सहाव्या मिनिटाला. ‘शेवटाला काटा आला’ म्हणे. तुझ्यासारख्या मापात पाप न करणाऱ्या माणसानं ती वेळ बघितली नसेल असं मी समजू? तू बघितलीस. आणि फोन केला नाहीस.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी तुझ्या पलंगाच्या कडेला बसून चौथं गाणं लावलं आणि पहिल्यांदाच पुढं ढकललं नाही. ढोल, मग बेस, मग भोंगे. ओळखीचं होतं, लागोसचंच कुठलंसं. सात मिनिटं झाली आणि गाणं मध्येच तुटलं. मागं पंखा वाजत होता, लांब कुणीतरी पोती मोजत होतं, आणि तू बोललास.

‘पाटला, ऐकून राहिलास ना? हे गाण्यातलं न्हाई, मी बोलून राहिलो. पोटात गाठ निघाली हाय. सोमवारी लातूरला बोलावलंय. घरात सांगितलं न्हाई. एकट्याला जाऊ वाटंना. तू ये. इचारत बसू नको, किती वाजता निघतोस तेवढं कळव. बरं, ऐक पुढचं.’

पुढचं सुरू झालं.

शिवा, फोन दोन सेकंदात लागतो. मी अर्धवट आहे, मी ऐकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्याचा कान खोटा आहे त्याच्याच कानात तू ही गोष्ट लपवून ठेवलीस. ही परीक्षा होती का? असेल तर मी नापास झालो, पण निकाल तरी लावायचास. मोटारसायकल काढून यायचं होतंस, हळदीच्या गाण्यासाठी आला होतास तसं. गाण्यासाठी शंभर किलोमीटर आलास आणि स्वतःसाठी एक फोन नाही. त्या सोमवारी मी काय करत होतो ते आठवायचा फार प्रयत्न केला. ऑर्डर नव्हती. मी स्टुडिओतला पडदा बदलत होतो, निळा काढून काश्मीरचं दृश्य लावत होतो.

वहिनींना मी हेच विचारलं, जरा चढ्या आवाजातच, की त्यानं माझी परीक्षा घेतली का. त्या म्हणाल्या, परीक्षा कसली, भाऊजी. त्यांना तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून दोन रोज बसून ते जुळवलं. रडायचे आणि पुन्हा जुळवायचे. पहिलं बोललेलं पुसलं, दुसरं पुसलं, हे मागून त्यांनीच सांगितलं. मला तेव्हा वाटलं, काहीतरी आडतीचं काम हाय.

बोलणं संपल्यावरची उरलेली मिनिटंही मी ऐकली. पार शेवटपर्यंत. संपल्यावर वहिनींनी विचारलं, कसं वाटलं.

इतक्या वर्षांत तुझ्या अल्बमवर मी पहिल्यांदा खरं बोललो. म्हणालो, वहिनी, चांगलं नाही झालं. आवाज कापणं-जोडणं मीच शिकवलं होतं त्याला, नांदेडच्या दुकानात. गाणं हळूहळू उतरवायचं, मग बोलणं, मग हळूहळू चढवायचं. यानं धाडकन तोडलंय. बोलणं संपतं तिथं ढोल एकदम अंगावर येतो. जोड इतका कच्चा आहे की लहान पोरालाही ऐकू येईल.

वहिनींनी पदरानं फोन पुसला आणि फळीवर ठेवून दिला.

‘ते बी हेच म्हणत व्हते,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणले, जोड नीट बसंना. पाटलानं ऐकलं तर लई शिव्या घालील.’

घातल्या, शिवा. परतीच्या वाटेवर काचा वर करून घातल्या, उमरीत शिकलेल्या सगळ्या. पहिल्या दहा-बारा नक्की तुलाच होत्या. जळकोट मागं पडल्यावर त्या कुणाला देतोय ते माझं मलाच कळेनासं झालं, पण थांबवेना.